आधी बॅटरी काढायची

मेबलथॉर्पला फेब्रुवारीत समुद्र दिसत नाही,
नुसता चाखता येतो.
ओठांवर, पान्यांवर, शटरच्या कुलपात.

मिसेस हॅलमची आइस्क्रीमची गाडी
मागच्या डाव्या ब्रेकच्या दिव्यावर
एमओटीत नापास झाली.
बल्ब नवा. फ्यूज शाबूत.
"भूत असेल," ती म्हणाली,
आणि चहाचा थर्मास ठेवून गेली.

भूत नसतं. वायर असते.

आधी बॅटरी काढायची. काळी केबल पहिली.
चालू सर्किटला प्रश्न विचारायचा नाही,
मीटर खोटं बोलतं, नाहीतर जळतं.
लिंकनला संध्याकाळच्या वर्गात
सव्वीस मुलगे होते, आणि मी.
मिस्टर पॉकलिंग्टन पहिल्या दिवशी फळ्यावर
एवढंच लिहून सिगारेट ओढायला गेले:
अगोदर शांत करा. मग विचारा.
माझ्या लग्नात हे कुणी सांगितलं नव्हतं.

मग मीटर पदरची वीज घालतं,
पोटातल्या नऊ व्होल्टमधली चिमूटभर.
एका टोकाला सोडतं,
दुसऱ्या टोकाला कान लावून बसतं.
पोचली तर बीप.
नाही पोचली तर पडद्याच्या डाव्या कडेला नुसता एक,
वर्गाबाहेर उभ्या केलेल्या पोरासारखा.

उजवा दिवा लागतो,
म्हणजे फाट्याच्या अलीकडे सगळं ठीक.
दिव्यापासून चासीपर्यंत: बीप.
अर्थ लागतोय.
(असले विनोद आपल्या भाषेत आपोआप होतात
आणि इथे ते मी एकटीच ऐकते.)
फाट्यापासून दिव्यापर्यंत,
फ्रीझरखाली पालथी पडून, प्रोब दातात धरून:
बीप.

बीप?

बॅटरी जोडली. पेडलवर झाडू टेकवला.
मागे जाऊन पाहिलं.
अंधार.

एवढ्या वर्षांत हे मी दोनदा विसरले, आज तिसऱ्यांदा:
मीटर फक्त वाट आहे का एवढंच विचारतं,
वाटेवरून किती ओझं जाईल ते नाही.

परत बॅटरी काढली. वायर बोटांनी चाचपत गेले,
जिथे ती पत्र्याच्या भोकातून खाली उतरते
तिथे रबर झिजलेलं,
आणि आवरणाच्या आत
हिरवी पूड.
तांब्याला कळंक चढलेला.
बिनकल्हईच्या पातेल्यात आईचं ताक कळकायचं, तोच हा हिरवा,
फक्त इथे मीठ समुद्राचं.
अठ्ठावीस तंतूंपैकी एक उरला होता.
केसाएवढा.
मीटरची चिमूटभर तेवढ्यावरून जात होती.
दिव्याला एकवीस वॅट लागतात.

शौनक दर रविवारी सहाला अॅबर्डीनहून फोन करतो.
बरी आहेस? बरी. तू? बरा.
थंडी? आहे.
बीप.
मी इतकी वर्षं समजत होते
की सर्किट उत्तम आहे.

वायर कापत गेले,
लखलखीत तांबं लागेपर्यंत. वीतभर गेली.
नव्या तुकड्याच्या दोन्ही टोकांना कल्हई केली,
नवसागराऐवजी फ्लक्सचा धूर,
डोळे मात्र तसेच झोंबतात.
वरून नळी चढवली, लायटरने आवळली,
भोकात नवं रबर बसवलं.

ब्रेक दाबून बसलेल्याला
आपला मागचा दिवा कधी दिसत नाही.
म्हणून गाडी उलटी, भिंतीशी नेली,
शटर ओढलं, पाय ठेवला
आणि आरशात पाहिलं:
ओल आलेली भिंत, रंगाचे डबे,
कीथचं तीन वर्षांपूर्वीचं कॅलेंडर,
सगळं लाल. दोन्ही बाजूंनी.
पाय काढायचं बराच वेळ सुचलं नाही.

मिसेस हॅलम आली. "भूत गेलं?"
"वायर होती," मी म्हटलं.
बावीस पाऊंड. थर्मास उघडायचाच राहिला होता.

आज शुक्रवार.
रविवारी सहाला विचारेन म्हणते
एखादा एकवीस वॅटचा प्रश्न.
कुठला, ते अजून ठरत नाही.